अंग सैल होईपर्यंत

चौघांनी घसरगाडीवरून उतरवला
तेव्हा उंबऱ्याला लागून तो ओंडक्यासारखा वाजला.
डावा हात वर, कोपरात वाकलेला,
कुणाला तरी थांब म्हणत असावा तसा.
असा पेटीत मावायचा नाही, सुतार म्हणाला,
आणि टोपी काढून
बराच वेळ टोपीच्या आत बघत राहिला.

म्हणून केट्टुनेनांच्या सौन्यात मी चूल पेटवली.
फार नाही. आंघोळीला लागते त्याच्या चौथाई.
दगडांवर पाणी मारायचं नाही, घाई करायची नाही,
हे मला आधीच्या सात जणांनी शिकवलं होतं.
पण ते सात दुसऱ्या गावांचे होते.

ह्याच फळीवर तौनो जन्मला, चौदा सालच्या मार्चात.
त्याची आई सांगते, सुईणीनं नाळ कापली
आणि थंडीनं खिडकीची काच तडकली.
गारठा त्याच्या पाचवीलाच पुजलेला.

नदीतून लाकडं खाली न्यायचं काम त्याचं.
फिरत्या ओंडक्यावर उभा राहून सिगारेट वळायचा,
आणि पोहता येत नव्हतं, हे मला आणि नदीला माहीत.
बोलणं तीन शब्दांचं : हो, नाही, बघू.
एकदा माझ्याशी नाचला, सबंध वेळ पावलं मोजत,
अठ्ठावीसवर चुकला.
पुढं काय, मी विचारलं होतं.
बघू, म्हणाला.

ऑक्टोबरात बोलावणं आलं.
सरकारनं दिलं ते टोपीवरचं बिल्लं, पट्टा आणि रायफल;
बाकी कोट घरचा, बूट घरचे, भाकरी घरची.
त्याच आठवड्यात त्याची घोडीही नेली, पिल्वी,
कागदावर सही घेऊन.
त्याच्यासाठी कुणी सही मागितली नव्हती.

इल्मारी त्याच्या तुकडीतला, पेटीसोबत आला.
चुलीकडे पाठ करून बोलला :
पहिला मारला त्या रात्री तौनो जेवला नाही.
दुसऱ्या रात्री जेवला.
पुढचं मी मोजलं नाही.
एकाहत्तर दिवस तोच तलाव, तीच पाच-सहा झाडं,
रोज एखादं कमी.
गेला तो वाटाण्याचं सूप आणायला मागं गेला तेव्हा,
पाठीवर डबा, पाठोपाठ तिघं.
काहीतरी दिसलं असावं त्याला, हात वर केला,
तिघं आडवे झाले, तिघं वाचले.
मी तिसरा.

खरं असेल.
किंवा पडताना हात तसाच राहिला असेल.
त्याच्या आईला मी पहिलंच सांगितलं.

रात्री पापण्यांवरून पाणी उतरायला लागलं.
मला माहीत होतं ते काय आहे,
तरी फडक्यानं टिपत राहिले.
खिशात गळ निघाला, दोऱ्यासकट. दोन बोटांचा हातमोजा,
चाप ओढायचं बोट वेगळं विणलेलं, आईच्या हातचं.
आणि अर्धं पत्र :
पिल्वीचं काही कळलं का? तिचा मागचा उजवा पाय
हळवा आहे, नाल ठोकणाऱ्याला कुणीतरी सांगा,
मी सांगितलं होतं पण तो माणूस

एवढंच.

पहाटे हात सुटला.
आवाज न करता खाली आला, माझ्या मांडीवर.
मी तो लगेच उचलला नाही.
कोंबडा आरवला, मग दुसरा,
मग बाहेर सुतार खोकला.

पुढच्या शनिवारी सौना पुन्हा तापला.
सगळे त्याच फळीवर बसले. बसावंच लागतं,
घरात फळी एकच आहे.

मे महिन्यात पिल्वी परत आली,
खुरावर डागलेला आकडा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा.
मी तिचा मागचा उजवा पाय उचलून बघितला.
नाल नीट बसवलेली, खिळा कुठंही आत गेलेला नाही.
कोणीतरी ऐकलं होतं त्याचं.

जरा वेळ पाय तसाच धरला,
मग सावकाश खाली सोडला.